लेलोंग

मलाक्काहून येऊन आता सात-आठ महिने झाले, ट्रिपचे फोटो मोबाइलमध्ये कुठल्या कुठे खाली गेले, पण त्यातला एक फोटो मी अजूनही अधूनमधून शोधून उघडते आणि खरं तर त्यात बघण्यासारखं काहीच नाही. एक बंद घर आहे, अरुंद, खूप आत लांब गेलेलं असावं असं, खिडकीच्या झडपांचा हिरवा रंग पोपडे होऊन निघालेला, दाराला साखळी आणि कुलूप, आणि बाजूच्या खांबावर चिकटवलेला एक पिवळा कागद. त्यावर ठळक काळ्या रोमन अक्षरांत एक शब्द आणि खाली फोन नंबर. भाची क्वालालंपूरला नोकरी करते, तिच्याकडे गेले होते, तर शनिवार-रविवार जोडून बसने दोन तासांवर मलाक्काला आलो होतो. दुपारचं ऊन असं की डोक्यावर कुणीतरी गरम पितळी परात धरलीय. मी तिला म्हटलं, हे काय गं लिहिलंय? ती म्हणाली, "लेलोंग? ऑक्शन. कर्ज थकलं की घर लेलोंगला काढतात. इथे सगळीकडे दिसतं हे, मावशी. चल ना, ऊन लागतंय." आणि ती सावली शोधत पुढे गेलीसुद्धा.

मी मात्र तिथेच उभी राहिले. लेलोंग. लिलाव. दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. पोर्तुगीज लोक लेइलांव म्हणतात, आणि आमचे मामाआजोबा 'लिलांव' असंच म्हणायचे, शेवटी अनुस्वाराचा झटका देऊन.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी एकदाच नीट ऐकलाय.

मामाआजोबा म्हणजे आईचे मामा, त्यांचं घर वाशिष्ठीच्या खाडीकाठी, दाभोळच्या समोरच्या अंगाला. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. फेरीबोट नव्हती तेव्हा, लाँच असायची, तिच्या इंजिनाचा धूर आणि खाडीच्या चिखलाचा वास एकत्र नाकात जायचा आणि तोच माझ्यासाठी मे महिन्याचा वास. त्या वर्षी गेलो तर दाराच्या चौकटीवर एक कागद खळीने चिकटवलेला, वर लिहिलेलं 'जाहीर लिलाव'. कुणा नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिले होते, तो मुंबईला गेला तो गेलाच, आणि पतसंस्थेने घर आणि आगर काढलं. मोठी माणसं आमच्यासमोर काही बोलत नव्हती. मामीआजीने मात्र त्या दिवशीही सकाळी उंबऱ्यावर रांगोळी काढली, दोन पावलं आणि मध्ये ठिपका, रोजच्यासारखी, वरच्या कागदाकडे मान वर करून एकदाही न बघता. मग माणसं आली. बोली लागली. एक वार, दोन वार, असं कुणीतरी ओरडत होतं आणि मी आईला विचारलं की काय चाललंय, तर पडवीत आमच्याकडे पाठ करून बसलेले मामाआजोबाच म्हणाले, "लिलांव चाललाय बाळ. तू आत जा."

तर हा शब्द साडेतीन हजार किलोमीटरभर लांब समुद्रापलीकडच्या एका गल्लीत तसाच्या तसा घराच्या दारावर चिकटलेला दिसला तेव्हा काय वाटलं ते मला भाचीला धड सांगता आलं नाही. आम्ही कोपऱ्यावर चेंडोल खायला बसलो, किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून काळसर पाक. त्या पाकाला गुला मलाका म्हणतात. जिभेवर ठेवला आणि कळलं, हा माडाचा गूळ. धुराची तीच किंचित चव. गुला म्हणजे गूळच, शब्दही तोच, संस्कृतातल्या गुडापासून दोघांकडे आलेला. मग मला नादच लागला. मलयमध्ये भाषेला बहासा, नावाला नामा, कापसाला कापास, नवऱ्याला सुआमी. फायद्याला लाबा, म्हणजे आपला लाभ. हे सगळे शब्द फार जुने, व्यापाऱ्यांबरोबर आणि भटाब्राह्मणांबरोबर शेकडो वर्षं हळूहळू पाझरत गेलेले. आणि मग त्याच भाषेत शिरलेला दुसरा थर, पोर्तुगिजांचा, लेलोंग त्यातला.

लाभ आधीचा, लिलाव नंतरचा.

घरी आल्यावर मी टोमे पिरेसच्या मागे लागले. लिस्बनचा औषधवाला, १५११ साली हिंदुस्थानात आला, पुढच्या वर्षी मलाक्काला गेला आणि दोन-अडीच वर्षं तिथे राहून पूर्वेकडच्या बंदरांबद्दल मिळेल ते लिहून काढलं. नंतर राजदूत म्हणून चीनला गेला तो परत आलाच नाही. मसाल्यांची प्रत ओळखणारा माणूस, त्यामुळे त्याचं लिहिणं तागडीत तोलल्यासारखं आहे, कुठला माल कुठून, किती, केव्हाच्या वाऱ्याने. तो लिहितो की मलाक्काच्या बंदरात पुष्कळदा ८४ भाषा बोलल्या जायच्या. चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते. गुजरात्यांचा एक स्वतंत्र, सगळ्यात वजनदार. चोळमंडळ, बंगाल, पेगू यांचा एक. जावा, बांदा, मोलुक्का वगैरे पूर्वेकडच्या बेटांचा एक आणि चीन-चंपा-र्‍यूक्यूकडच्यांचा एक. जहाज लागलं की त्या-त्या शाहबंदराने कप्तानाला बेंडाहाराकडे, म्हणजे मुख्य प्रधानाकडे न्यायचं, वखार नेमून द्यायची, राहायची सोय बघायची, माल हलवायला हत्तींचा हुकूम द्यायचा. पश्चिमेकडून येणाऱ्याने ६ टक्के जकात भरायची, पूर्वेकडच्याने जकात नाही पण नजराणा द्यायचा. मला हे वाचताना सारखं वाटत होतं की किती साधी आणि किती शहाणी व्यवस्था आहे, आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत बोलणारं कुणीतरी धक्क्यावर उभं असणं.

आणि त्याच पिरेसने एक गोष्ट सांगितलीय, ती वाचून मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. माल उतरला की दहा-वीस स्थानिक व्यापारी मालाच्या धन्यासोबत एकत्र बसायचे आणि त्या मालावर बोली लावायचे. भाव ठरला की अख्खा माल आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटून घ्यायचे. का, तर वेळ थोडा. वारा फिरायच्या आत परदेशी माणसाला हिशेब करून, नवा माल भरून निघायचं असतं, तो काय पोतं पोतं विकत बसणार? स्थानिक लोक मग तो माल सावकाश विकून आपला नफा कमवायचे. आणि पुढे तो म्हणतो की हे सगळं इतकं रीतसर व्हायचं की जहाजवाल्यावर काही मेहेरबानीही नाही आणि तो नाखूश होऊनही जात नसे. म्हणजे लिलाव तिथे होताच की! पोर्तुगीज यायच्या आधी. त्याला ते लोक काय म्हणायचे कोण जाणे, तो शब्द काही पिरेसने टिपला नाही, आणि मग ज्यांनी शहर जिंकलं त्यांचा शब्द राहिला. त्यांनीही तो अरबांकडून उचललेला म्हणतात. पण राहिला त्यांच्या तोंडचा, तिकडेही आणि आमच्या खाडीवरही.

पिरेसने मलाक्कात व्यापाराला येणाऱ्या लोकांची एक भलीमोठी यादी दिलीय, कैरो, मक्का, एडन, किल्वा, होर्मूझ, आर्मेनियन, तुर्क, असं वाचत वाचत माणूस दमतो. त्यात गुजरात्यांच्या पाठोपाठ आहे: चौल, दाभोळ, गोव्याचे लोक, दख्खनच्या राज्यातले लोक. बस. एवढंच. दाभोळ. मी त्या शब्दावर बोट ठेवून कितीतरी वेळ पुढची ओळच वाचली नाही. आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं हे. दाभोळ म्हणजे आमच्यासाठी पलीकडच्या काठावर दिसणारी मशिदीची घुमटी, बाजारातली सुकी मासळी आणि नंतर नंतर वीज प्रकल्पाच्या बातम्या. तिथली माणसं पाचशे वर्षांपूर्वी मलाक्काच्या धक्क्यावर उभी होती, जायफळ आणि लवंगा हुंगून भाव करत होती, वारा फिरेपर्यंत तिथेच महिनोन्‌महिने राहत होती. कोण होते ते? नाखवे कोण, खलाशी कोणत्या वाडीतले, मुसलमान व्यापारी बहुतेक, पण हिशेब लिहिणारा एखादा कुणी तरी असेल, शिडं शिवणारा असेल. ते आपसात काय बोलत असतील? त्या ८४ भाषांत एक आमची असेल का, अशीच हेल काढून बोललेली?

आणि मग तारखा जुळवून बघितल्या तर पोटात कालवलं. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदाने दाभोळ जाळलं. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत पडला होता, त्याचा सूड. बायका-पोरं कुणाला सोडलं नाही, इतकं की दाभोळवर जसा फिरंग्यांचा कोप झाला तसा तुझ्यावर होवो, असा शाप लोकांच्या तोंडी बसला असं सांगतात. आता त्या हंगामात दाभोळचा एखादा माणूस मलाक्कात असेलच. यादीत आहेत म्हणजे येत-जात होतेच. त्याला ही बातमी कधी कळली असेल? पुढच्या वाऱ्याबरोबर आलेल्या कुणा गुजराती जहाजावरून? तो शाहबंदराच्या वखारीत बसलाय, कापडाचे गठ्ठे विकून झालेत, बदल्यात घेतलेल्या मालाची पोती बांधून ठेवलीत, घरी काय काय न्यायचं ते ठरलंय, आणि कुणीतरी सांगतं की घर नाही. गाव नाही. आणि मग सप्टेंबर १५०९ मध्ये त्याच बंदरात पोर्तुगीजांची पहिली जहाजं येऊन नांगर टाकतात, सिकेइरा नावाच्या कप्तानाची, व्यापाराची बोलणी करायला. मलाक्कातल्या गुजराती आणि इतर मुसलमान व्यापाऱ्यांनी बेंडाहाराला बजावलं होतं की ह्यांना थारा देऊ नका, हे पोर्तुगिजांनीच लिहून ठेवलंय. आमचा तो माणूस, मी मनाने तयार केलेला, तो तेव्हा त्या घोळक्यात होता की नाही हे मला कुणीच सांगणार नाही. पण मला तो तिथे हवा आहे.

दोन वर्षांनी, गोवा घेतल्यावर लगेच, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क आला. नदीवरच्या पुलासाठी लढाई झाली, कारण पूल ताब्यात म्हणजे शहराचे दोन तुकडे, आणि २४ ऑगस्ट १५११ ला मलाक्का पडलं. सुलतान महमूद शाह पळाला. किल्ला बांधायला दगड हवे होते म्हणून मशिदींचे आणि सुलतानांच्या थडग्यांचे दगड काढले. लुटीतला सगळ्यात मोलाचा भाग भरलेलं फ्लोर दो मार नावाचं जहाज त्याच वर्षी सुमात्राजवळ बुडालं, ते अजून कुणाला सापडलेलं नाही. किल्ल्याचं आता एक दार तेवढं उरलंय, बाकी ब्रिटिशांनी पाडलं. त्या दारात लग्नाचे फोटो काढत होते लोक. भाचीने माझाही काढला, मी दगडावर हात ठेवला होता, ऊन खाऊन तापलेला काळपट दगड, आणि मनात एकच, की हा कुणाच्या थडग्याचा.

तिथून चढून गेलं की टेकडीवर सेंट पॉलचं पडकं चर्च आहे. छप्पर नाही, भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या मोठमोठ्या शिळा, पोर्तुगीज आणि डच मेलेल्यांच्या. मध्ये जमिनीत एक खड्डा, वर जाळी, आत लोकांनी टाकलेली नाणी. फ्रान्सिस झेवियरला १५५३ साली काही महिने इथे पुरलं होतं, मग उकरून गोव्याला नेलं. आम्ही लहानपणी गोव्याला बोम जीजसमध्ये रांगेत उभं राहून ती चांदीची पेटी बघितलेली, आई हात जोडून म्हणाली होती, कुणाचाही असो, साधुपुरुष आहे. आणि आता ही त्याची रिकामी जागा. मीही हात जोडले. मला त्या क्षणी राग असायला हवा होता की काय, माहीत नाही, पण वाऱ्याची झुळूक आली, खाली सामुद्रधुनी दिसत होती, गढूळ चांदीसारखी, लांबवर जहाजं रांगेने उभी, आणि रागबिग काही आला नाही. दमल्यासारखं वाटलं फक्त.

शब्दांचं वेड मात्र सुटलं नाही. गोव्यात आसगावला जन्मलेले मोन्सिन्योर दालगादो म्हणून एक पाद्री होऊन गेले, त्यांनी १९१३ मध्ये आशियातल्या पन्नासेक भाषांत कुठला पोर्तुगीज शब्द कसा शिरला ते सगळं गोळा करून छापलं. केवढं काम एका माणसाचं. त्या वाटेने शोधत गेलं की एक एक उलगडत जातं. आपलं साबण त्यांचं साबून, आपला पाद्री त्यांचा पादेरी, आपला काजू त्यांचा गाजुस. आणि मग तुरुंग. मलयमध्ये जुना शब्द आहे तेरुंकू, कैदखाना. दोन्ही पोर्तुगीज त्रोंकोपासून. त्रोंको म्हणजे झाडाचा बुंधा, खोड. कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवायचे, त्यावरून कैदखान्यालाच ते नाव. आपल्याकडेही खोडापासून खोडा आहेच की, पायात घालायचा, आपला स्वतःचा. तरी तुरुंग आलाच. लिलाव आणि तुरुंग. काजू-पपया कुणीही आणतं, पण हे दोन शब्द दोन्ही किनाऱ्यांवर एकाच हाताने ठेवले गेले, आणि दाभोळच्या माणसांनी तिथे ठेवलेला एकही शब्द मला अजून सापडलेला नाही. यादीतली अर्धी ओळ, तीही जिंकणाऱ्यांच्या माणसाने लिहिलेली, म्हणून आपल्याला कळलं. याचं मी काय करू? पिरेसचे आभार मानू?

मनात हे असं चाललेलं असताना दुसरीही बाजू दिसत राहते, ती लपवण्यात अर्थ नाही. मलाक्काच्या दक्षिण टोकाला समुद्राकाठी पोर्तुगीज वस्ती आहे, संध्याकाळी आम्ही तिथे मासे खायला गेलो. शेजारच्या टेबलवर दोन म्हाताऱ्या बायका बोलत होत्या, क्रिस्तांग भाषा, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीची पोर्तुगीज मलयच्या पाण्यात भिजून मुरलेली. एकीच्या हातात सोन्याची बारीक बांगडी, नऊवारी नेसली असती तर आमच्या आळीतली वाटली असती. ही त्या सैनिकांची आणि इथल्याच बायकांची लेकरं. आपल्याकडे चौलजवळ कोर्लईत अशीच एक भाषा अजून आहे, नौ लिंग म्हणतात तिला, आपली भाषा. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, गावची माणसं राहिली, चहूकडून मराठी, आणि घरात मात्र तीच बोली, आता हजारभर लोकांच्या तोंडात. कोर्लईची बाई आणि मलाक्काची बाई समोरासमोर बसल्या तर एकमेकींना किती कळेल, हे बघायला मला खरंच आवडेल. त्यांना कोण जिंकणाऱ्यांच्यात धरणार? मागे राहिलेलीच माणसं ती.

आणि सोनारांच्या गल्लीतलं ते गणपतीचं देऊळ, १७८१ चं, डचांनी दिलेल्या जमिनीवर, त्याच रस्त्यावर दोन मिनिटांत मशीद आणि त्याच्या पुढे चिनी देऊळ, उदबत्त्यांचा धूर एकमेकांत मिसळलेला. देऊळ बांधणारे चिट्टी लोक, तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, तमिळ विसरलेले, घरात मलय बोलणारे, पण गणपती सोडला नाही. त्यांच्यातलाच म्हणावा असा तो नीना चातू, १५०९ मध्ये अडकलेल्या पोर्तुगीज कैद्यांना अन्न पोचवणारा तमिळ व्यापारी. शहर पडल्यावर अल्बुकर्कने त्याला बेंडाहारा केलं, तीन वर्षांत पद काढूनही घेतलं, आणि पोर्तुगीज बखरकार लिहितात की त्याने चंदनाची चिता रचून घेतली आणि तीत उडी घेतली. त्याला फितूर म्हणायचं की दयाळू, मी देवळात बसून बराच वेळ विचार केला. पुजाऱ्याने हातावर विभूती ठेवली आणि मलयमध्ये काहीतरी म्हणाला. भाचीने सांगितलं, विचारतायत कुठून आलात. मी म्हटलं, सांग, दाभोळ. तिने "इंडिया" सांगितलं.

बसला वेळ होता म्हणून परत त्याच गल्लीतून गेलो. तो कागद तसाच होता, एक कोपरा सुटून फडफडत होता. तेव्हाच तो फोटो काढला. साखळीचं कुलूप जवळून बघितलं, साधंच, नवीन. भाचीला विचारलं, इथे चावीला काय म्हणतात गं? ती म्हणाली, कुंची. म्हणजे कुंचिका, संस्कृत. आणि आमची चावी पोर्तुगीज. मी हसले बहुतेक, कारण ती म्हणाली, काय झालं?

काही नाही, म्हटलं. त्या दिवशी बोली संपल्यावर, ज्याने घर घेतलं तो बाजारातला दुकानदार, ओळखीचाच, मान खाली घालून पडवीशी उभा होता. मामाआजोबा उठले, जानव्याला अडकवलेली चावी सोडवून त्यांनी त्याच्या हातात दिली. मग आत जायला वळले आणि परत मागे फिरून त्याला म्हणाले, "मागच्या दाराला चावी नाही हो. पावसाळ्यात फुगतं ते. जरा वर उचलून ओढा म्हणजे लागेल."

त्याने मान हलवली.